धाकटीचा शोध

थोरली मेंदूवर संशोधन करायची आणि धाकटीला त्या कामात तिनेच आणलं. सुरुवातीला धाकटीला सराव नव्हता. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूच्या पातळ कापात केसाहून बारीक काचेची सुई घालताना टोक हमखास मोडायचं. थोरली मागे उभी राहून म्हणायची, "श्वास रोखू नकोस गं, हळूच सोड."

नवजात पिल्लाच्या मेंदूत शेजारशेजारच्या पुष्कळ पेशी इवल्याशा नळ्यांनी थेट जोडलेल्या असतात. एकीला विजेचा झटका दिला की दुसरीतही तो लगेच उमटतो. पिल्लू वाढतं तशा यातल्या बऱ्याच जोडण्या सुटतात आणि रासायनिक जोडण्या कामाला लागतात. त्या नेमक्या कशाने सुटतात, याच्या मागे थोरली हात धुऊन लागली होती. कारण अमुकच असावं, अशी तिला एक शंका होती. विभागप्रमुखांनाही न सांगितलेली ती शंका तिने आईकडे भांडी विसळताना धाकटीला सांगितली. प्रयोग कसा करायचा, तेही सांगितलं.

धाकटी तेव्हा दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. "माझा विषय आता वेगळाच आहे, ताई," असंच ती फोनवर म्हणायची.

पुढे एका परिषदेत धाकटी बोलायला उभी राहिली आणि पडद्यावरच्या पहिल्याच चित्राला समोर बसलेल्या थोरलीने हातातलं पेन खाली ठेवलं. शंका तीच, प्रयोगही तोच. शेवटी आभारांत थोरलीचं नाव होतं, 'प्रोत्साहनाबद्दल'.

चहाच्या टेबलापाशी तिने धाकटीचं मनगट धरलं. "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर थांब म्हणाली असतीस. तू नुसती थांबतेस, ताई. केलं मी."

हे अर्धं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

आईला सांगितलं, तर ती वाढता वाढता म्हणाली, "घरातच राहिलं ना? बहिणीबहिणींत कसलं आलंय तुझं-माझं!" थोरली भरल्या ताटावरून उठली.

काम मात्र तिने सोडलं नाही. तिचे प्रयोग पुरे झाले, निष्कर्ष तोच निघाला. शोधनिबंधात आधी झालेल्या कामाचा उल्लेख करावाच लागतो. स्वतःच्याच शंकेपुढे तिने धाकटीचं नाव लिहिलं.

निबंध छापून आला, तेव्हा धाकटीचा फोन आला. "अभिनंदन, ताई! बघ, माझं बरोबरच होतं."

"हो," थोरली म्हणाली, "तुझं बरोबर होतं."

त्यानंतर दोघी आईकडे एका वेळी कधी गेल्या नाहीत.