जड काही नाही
माझी शेजारीण घरी शिवणकाम करते. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच आलं आणि गेलं. आता पुन्हा सातवा लागलाय, म्हणून मीच तिला दवाखान्यात नेलं.

"जड काही उचलता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो, घरीच तर असते."

माझं डोकं फिरलं. "अगं बये, नळ तळमजल्यावर, तू चौथ्यावर. रोजच्या दहा बादल्या काय तुझा नवरा चढवतो?"

"ते पाणी हो, ताई. ते काय काम आहे?"

बाईंनी कागदावर विश्रांती लिहून दिली. नळ वर चढवायचं औषध त्यांच्याकडेही नव्हतं.

परतल्यावर तिच्या दोन बादल्या मी उचलल्या आणि तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पायरीवर बसले.

"जड आहे का, ताई?" ती वरून हसली. मग पोट सावरत खाली आली आणि एक बादली घेऊन गेली.