टाकीवरचा ध्रुव

आमच्या घरचा ध्रुवतारा ग्रामपंचायतीच्या मालकीचा होता. हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर मी त्याच्यावर बरीच व्याख्यानं दिली होती.

आधी घरची रीत सांगतो. जानेफळच्या आमच्या घरात नवी सून आली, की दिवेलागणीनंतर नवरा-नवरीला परसात नेऊन ध्रुव दाखवायचा. सासूने बोट करायचं, सुनेने "दिसला" म्हणायचं आणि मग जेवायला बसायचं. माझी बायको कुसुम या घरात आली, तेव्हा माझ्या आईने तिला गोठ्याच्या कौलांवर तो दाखवला. कुसुमला लगेच दिसला. मला दिसला नव्हता. पण भूक लागली होती, म्हणून मीही "दिसला" म्हणालो. (संसाराची सुरुवात अशी झाली.)

तेव्हापासून संध्याकाळची भांडी आटोपली, की कुसुम परसात जायची आणि उत्तरेकडे तोंड करून हात जोडायची. मी शाळेत ग्रंथपाल. ग्रंथपालाच्या हाताखालून सगळ्या विषयांची पुस्तकं जातात, त्यामुळे त्याला कोणत्याही विषयावर बोलता येतं. मी तिच्या मागे उभा राहून बोलत असे.

मग गावात उजेड आला. चौकातल्या उंच खांबावर पांढरे दिवे लागले. शेजारच्या रामभाऊंनी चोरांच्या धास्तीने फोकस बसवला, तो नेमका आमच्या परसात पडे. त्या उजेडात तांदूळ निवडता येत, पण आभाळ धुतलेल्या पाटीसारखं कोरं दिसे. सप्तर्षी आधी फिके झाले, मग गेलेच. गोठा पडला आणि त्याच्या मागे, बरोबर उत्तरेला, गावच्या पाण्याची टाकी उभी राहिली. इतकं सगळं झालं, पण ध्रुव टिकला. उलट पूर्वीपेक्षा ठळक झाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याऐवजी अभिमान वाटला.

"पाह्य, डोयाचं ऑपरेशन केलं तं किती फरक पडला," मी कुसुमला म्हणालो.

"हो न," ती म्हणाली.

काही संध्याकाळी तो दिसत नसे. त्याचीही कारणं माझ्याजवळ होती: हवेतलं बाष्प, शेतात पेटवलेल्या काडीकचऱ्याचा धूर, वरच्या थरांतली धूळ. कुसुम ऐकून घ्यायची. ज्या दिवशी तो दिसे, त्या दिवशी हात जोडून झाल्यावर म्हणायची, "उद्या नळ येते."

आणि दुसऱ्या दिवशी नळ येई.

"अवं, ताऱ्याचा अन् नळाचा काय संबंध?"

"मले काय माहीत. येते म्हणजे येते."

मी हसायचो. श्रद्धेपुढे विज्ञानाने थोडं नमतं घ्यावं, अशा उदार मनाने हसायचो.

पुढे आमच्या महेशचं लग्न झालं. कुसुमने लग्नात कशाचाच हट्ट धरला नाही. मांडव छोटा झाला, आचारी ऐनवेळी बदलला, तिच्या माहेरची गाडी उशिरा आली, तरी ती काही बोलली नाही. एकच म्हणायची, "बाकी राह्यलं तं राह्यलं, पण माह्या सुनेले ध्रुव दिसला पाह्यजे. मले दिसला तसा."

सून आली ती वैशाली, बुलढाण्याची. संध्याकाळी सगळे पाहुणे परसात जमले. मी रामभाऊंना फोकस बंद करायला सांगितलं.

"अन् चोर आला तं?" रामभाऊ भिंतीपलीकडून म्हणाले.

"त्याले बी ध्रुव दाखवू."

फोकस बंद झाला. रीतीप्रमाणे कुसुमने हात वर केला. पण ती टाकीच्या कडेकडेने काहीतरी शोधत होती. कधी डावीकडे वाकत होती, कधी उजवीकडे. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला आणि नीट टाकीच्या माथ्यावर नेऊन ठेवला.

"तिकडं नाही, हा इथं. पाह्य पोरी. आभायातले समदे तारे फिरतात, हा एकटा जागा सोडत नाही. राज्यं आली, राज्यं गेली, पण हा जसा होता तसाच—"

आणि ध्रुव विझला.

महेश हळूच म्हणाला, "बाबा, गेला."

"ढग आला असंन."

आभाळात ढगाचं बोटभर चिरगूटही नव्हतं. तेवढ्यात टाकीच्या शिडीवरून आवाज आला. गावाला पाणी सोडणारा शेषराव वर होता.

"सर, टाकी भरली. दिवा बंद केला. सकायी नळ सोडतो, पाव्हण्याइले सांगा!"

वैशाली खाली मान घालून म्हणाली, "मामाजी, दिसला मले." मी ओळखलं, पोरीला भूक लागली होती.

मग हसण्याचा जो लोंढा आला, त्यात माझा साडू खाली बसला. शेषराव उतरून आला, त्याला प्रकार कळला, आणि त्या भल्या माणसाला फार वाईट वाटलं.

"नवरीचं दर्शन राह्यलं असंन तं पुन्हा लावून देऊ का?"

नको म्हणेपर्यंत तो शिडी चढला होता. ध्रुव पुन्हा उगवला. माझ्या मेहुणीने त्याला हळदकुंकू वाहिलं.

सगळे हसत होते. कुसुम हसत नव्हती. ती अजून टाकीच्या कडेने वाकून पाहत होती.

सकाळी खरंच नळ आला. हंडा भरता भरता मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"टाकी झाली तवापासून. दिवा लागला की टाकी भरते. मी नळाले हात जोडत होती."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही इतकं रंगून सांगत होते." तिने हंडा बाजूला सारून कळशी लावली. "पण पोरीले खरा दाखवाचा होता. अन् मले बी पाहाचा होता. गोठा गेला तसा तो बी गेला. टाकीच्या पल्याड, शेताच्या बांधावर नेता का एकदा?"

"नेतो की."

नेणारच होतो. पण आधी थंडी होती, मग माझा गुडघा, मग आभाळ. घाई कशाची? ध्रुव काही जागा सोडून जात नाही, हे मी सगळ्या गावाला सांगत आलो होतो. जागा सोडून दुसरंच कोणी जाईल, हे पुस्तकांत नव्हतं. पोळ्याच्या सुमारास कुसुम गेली. आजारपण असं झालंच नाही.

आता संध्याकाळी मी बांधावर जातो. सोबतीला कधी कधी वैशाली येते. टाकी पाठीमागे राहते, पण पुढे ढाब्याचे दिवे आहेत, कोणाच्या तरी शेतघरावरचा फोकस आहे, आणि त्यातला तारा कोणता हे सांगायचा माझा अधिकार गावाने काढून घेतला आहे. म्हणून मी लाइन जायची वाट पाहतो. लाइन गेली की गाव शिव्या देतं. मी चप्पल शोधतो.

परवा आम्ही बांधावर असतानाच लाइन गेली. ढाबा विझला, फोकस विझला, मागे टाकीही विझली. समोर एक तारा उरला. लहानसा, फिकट, बिचारा. टाकीवरच्यापुढे काहीच नाही. याच्यासाठी कुसुम वाकून वाकून पाहत होती.

"दिसला का, मामाजी?"

"दिसला," मी म्हणालो. या वेळी भूक नव्हती.

तिने हात जोडले. मीही कुसुमच्या वाटचे म्हणून हात उचलले, आणि अर्ध्यावर थांबलो.

"काय झालं?"

"थांब जराशी," मी म्हणालो. "इन्व्हर्टरवर असंन तं?"