काकांचं पत्र आणि माझी बोटं

माझी शाळा नववीत सुटली. त्यामुळे चुकलेल्या वेलांट्या आणि साधेसुधे शब्द आधीच माफ करा. खरी माफी ज्याची मागायची, ती चूक पुढे आहे. कुठून सुरू करू, सांगा?

ढाणकीत भास्करभाऊंचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे मी टायपिंग करतो. आमच्या कॉम्प्युटरला सारखा व्हायरस लागायचा, म्हणून व्हिडिओ पाहून मी त्यावर लिनक्स टाकलं. कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम ती, फुकट आणि सगळ्यांसाठी खुली. व्हायरस गेला, भाऊ खूश. तिथेच थांबलो असतो तर!

पण मला विम सापडला. विम म्हणजे लिहायचा प्रोग्राम. त्याला माउस लागत नाही, सगळा कारभार बोटांवर. मी माणसांशी बोलताना अडखळतो हो, पण कीबोर्डवर माझ्यासारखा बडबड्या तालुक्यात नसेल. भाऊ गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, "याचे बोटं पाहा, डोयाच्या आधी चालते." मी लाजायचो आणि आणखी जोरात बडवायचो.

आमच्याकडे विजेची लाईन रोज जाते. ती आली आणि फाईल पुन्हा उघडली की विम इंग्रजीत विचारतो, अर्धवट राहिलेलं परत आणू की पुसू? आणायचं तर आर, पुसायचं तर डी. माझं काम नेहमी सेव्ह केलेलं असायचं, म्हणून मी न वाचताच डी दाबून मोकळा व्हायचो. रोज.

एका दुपारी फुलसावंगीहून नामदेवकाका आले. जन्मभर कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर काम केलेला माणूस. लकवा मारल्यापासून उजवा हात चालत नाही. त्यांच्या मुलीनं, सुनीताताईनं, स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. काकांचा फोन ती उचलत नाही. पत्र पाठवायचं होतं, पण गावात कोणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

काका माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसले. म्हणाले, "तू आयकू नको, फक्त लिही."

न ऐकता कसं लिहायचं? पण ते बोलत गेले. लग्नाच्या दिवशी घराला कुलूप लावून ते दिवसभर काट्याच्या केबिनमध्ये बसले होते, ते सांगितलं. बाजारातून अजूनही तिच्यासाठी कवठ आणतात आणि ते फळीवर वाळून जातं, तेही सांगितलं. त्यांचा आवाज कापत होता. सेव्ह करायचं तर मराठी कीबोर्ड बंद करून इंग्रजी लावावा लागतो, तेवढ्यात हात थांबला असता. हात थांबला तर काका थांबतील, या भीतीनं मी सेव्ह केलंच नाही. तासभर.

शेवटची ओळ झाली आणि लाईन गेली.

"गेलं का रे?" काकांनी विचारलं.

"नाही काका, याच्यात काहीच जात नाही," मी ऐटीत म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोललो असेन.

लाईन आली. मी फाईल उघडली, विमनं प्रश्न विचारला. माझ्या बोटानं डी दाबलं. मग मी वाचलं.

पडदा कोरा! तेव्हा खरं सांगायचं की नाही? मी म्हणालो, दोन मिनिटं थांबा, आणि आठवेल तसं पुन्हा टाइप केलं. पण माझ्या बोटांना सवय तहसीलच्या अर्जांची! कागद बाहेर आला तो असा: विषय, घरी येण्याबाबत. महोदया, आपण बऱ्याच काळापासून घरी अनुपस्थित आहात, तरी सविनय विनंती की…

भाऊंनी डोकावून वाचलं आणि फिसकन हसले. काकांनी कागद ओढून घेऊन वाचला.

"माह्या पोरीले नोटीस देऊन राह्यला का तू?" काका म्हणाले.

मग मी सगळं कबूल केलं. वाटलं, थोबाडीत मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी डाव्या हातानं कागदाची घडी घातली आणि उठले. "दुसऱ्यांदा नाही बोलल्या जात ते, बापू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी वही-पेन घेऊन फुलसावंगीला गेलो. काका खाटेवर बसले होते. वही पाहून त्यांनी मला बसायची खूण केली. मग म्हणाले, "लिही. बाई, तुहा बाप बरा हाय. बस."

"आणि कालचं, काका?"

"ते काल बोलून झालं."

एवढ्यासाठी मी आख्खी वही नेली होती. त्या ओळीखाली मी माझ्या मनानं लिहिलं: ताई, काका काल तुमच्याशी तासभर बोलले. ते माझ्या हातून पुसलं गेलं. काय बोलले ते त्यांनाच विचारा. आणि शिव्या द्यायच्या असतील तर हा माझा नंबर.

मग पोस्टाच्या पेटीसमोर उभा राहून, नंबरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवत, मी तो चारदा तपासला.