कणीक निघायची वाट

सदर गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या समस्त भजनप्रेमींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या मंडळाचे मृदंगवादक दौलतराव, जे घोरतानाही ताल सोडत नसत, ते समेवर न येताच उठून गेले. त्यांच्या स्वभावाला हे मुळीच शोभलं नाही. महिना होत आला, तरी गुरुवारी भजनाला निघालो की मी त्यांच्या दाराशी थांबतो, हाक मारायला तोंड उघडतो आणि...

मौद्याला दुपारचं भजन होतं. अंगात सर्दी मुरलेली, तरी दौलतरावांनी मृदंगाच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापली आणि असा वाजवला की मांडवाचे बांबू थरथरले. कणकेशिवाय डाव्या अंगाला तो जड, खोल आवाज येत नाही. भजन संपलं की ती खरवडून काढायची, हा त्यांचा नेम. त्या दिवशी तो पहिल्यांदाच मोडला. "थंडी वाजून राहिली गा, घरी जाऊन काढतो," म्हणाले.

घरी पोचेपर्यंत दात वाजायला लागले. मग ताप, उजव्या कुशीत सुया टोचल्यागत कळ, आणि गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा कफ. डॉक्टरांनी पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकलं. डावीकडे घुमलं. उजवीकडे खाली, भिंतीवर ठोकावं तसं, बद्द. फणफणलेल्या दौलतरावांनी डोळे उघडले. "डॉक्टरसाहेब, ह्या अंगाले कणीक कोणी लावली?"

डॉक्टर हसले आणि मग त्याच भाषेत बोलले. "फुफ्फुस म्हणजे हवेच्या बारीक बारीक पिशव्या. सर्दीनं वाट करून दिली, जंतू खाली उतरले. त्यांच्याशी झुंजताना पिशव्यांत पाणी आणि पू साचतो, तो भाग घट्ट होतो. हवेला जागा नाही, म्हणून धाप. आणि हृदयाला दुप्पट राबावं लागतं. ह्यावर औषध अजून कुठंच निघालेलं नाही. ही कणीक अंगानंच सोडवायची."

साऱ्या घरानं तेवढं शेवटचं वाक्य धरून ठेवलं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, छातीवर जवसाचं गरम पोटीस बांधायच्या, तेव्हा दौलतराव म्हणायचे, "आतून कणीक, वरून जवस. आता तव्यावर टाक मले." एवढं बोलतानाही नाकपुड्या फुलायच्या, ओठ निळसर पडायचे. तरी कणीक सुटली का बघायला येईल त्याच्याकडून पाठ ठोकून घ्यायचे. मीही ठोकली. बद्द... "तुले तं टाळही धड वाजवता येत नाही," हा माझा सत्कार.

मग एका सकाळी दरदरून घाम फुटला. ताप झरकन उतरला, चेहरा निवला, चहा मागितला. मी पेढे आणायला धावलो. परतलो तेव्हा डॉक्टर नाडी धरून बसले होते, आणि ती त्यांना लागत नव्हती. ताप गेला होता, कणीक तशीच होती; थकलं होतं ते हृदय. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात, आणि भरल्या घरात तो ठेवायला मला जागा सापडेना.

परवा वहिनींनी मृदंग मंडळात घेऊन जायला सांगितलं. डाव्या पुडीवर मौद्याची कणीक अजून होती, वाळून भेगाळलेली. मी नखानं खरवडणार, तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. पुडीवर एक बोट ठेवून त्यांनी दुसऱ्या बोटानं ठोकलं, डॉक्टर ठोकायचे तसं. पुन्हा ठोकलं. अख्खी खपली सुटून जमिनीवर पडली आणि पुडी घुमली. वहिनी त्या खपलीकडे बघत राहिल्या, मग एकदम बोलून गेल्या,

"ह्याची तं निघाली, भाऊजी."