जास्तीचे चौघे

परब गुरुजींच्या टेबलावर मी तीन वह्या उघडून ठेवल्या. तिन्ही वह्यांत एकाच गणिताचं उत्तर पाच आलं होतं. बरोबर उत्तर सहा होतं.

"तिघं कुठे बसतात?" गुरुजींनी विचारलं.

"एकाच बस्करपट्टीवर. शेजारी शेजारी."

"मग आणखी काय पुरावा हवा, बाई?"

गुरुजी आमचे मुख्याध्यापक. शाळा मालवणजवळच्या किनाऱ्यावरची, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. म्हणजे ते आणि मी. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. साल दोन हजार चार असेल.

त्याआधी मी जरा आगाऊपणा केला होता, तो सांगते. शाब्दिक उदाहरण म्हणजे वाक्यांत सांगितलेलं गणित. मुलं भागाकार फटाफट करतात, पण वाक्य आलं की 'बाई, ह्येच्यात अधिक करूचा काय उणा?' म्हणून विचारतात. त्याच महिन्यात आमचं प्रशिक्षण झालं. तिथे चहा-बिस्किटांबरोबर एक मंत्र मिळाला, परिसरातली उदाहरणं घ्या. मी पुस्तकातल्या पेन्सिली आणि लाडू बाद केले आणि फळ्यावर लिहिलं, 'रापणीत १२० बांगडे मिळाले. ते २० जणांत समान वाटले, तर प्रत्येकाला किती?' रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढून काढायचं मोठं जाळं. मी कुडाळकडची, भातशेतीच्या घरातली. बांगडा मला ताटातच भेटलेला. तरीही स्वतःवर खूश होते.

वर्गात अकरा मुलं. वरच्या वाडीतल्या, शेती असलेल्या घरांतल्या आठ जणांचं उत्तर सहा. समुद्राकडच्या तिघांचं पाच. दीपक, संतोष आणि हर्षाली. हर्षाली वर्गातली सगळ्यात हुशार. लाडवांची गणितं तिची कधी चुकली नव्हती. म्हणून मला राग जास्त आला.

"कोणाचं बघून लिहिलंस?"

"कोणाचा नाय, बाई."

"मग तिघांना एकच चूक कशी सुचली?"

तिने मान खाली घातली. ती कबुली आहे असं मी धरून चालले.

गुरुजींनी निकाल दिला. "शिष्यवृत्तीचे फॉर्म शुक्रवारी केंद्रशाळेत द्यायचे आहेत. हिच्या फॉर्मवर मी सही करणार नाही. परीक्षेत दुसऱ्याचं बघताना सापडली, तर पत्र मला येतं." दीपक आणि संतोष फॉर्म भरणारच नव्हते. तो दिवस बुधवार होता.

गुरुवारी सकाळी हर्षालीची आई शाळेच्या पायरीवर उभी होती. मासळीची पाटी तिने गडग्याबाहेर, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाबाहेर ठेवली होती.

"बाई, आमी तिका चोरी करूक शिकवूक नाय."

"मी चोरी म्हटलं नाही हो."

"बघून लिवल्यान म्हणजे काय मगे? ती शिष्यवृत्तीक बसली तर मालवणाक हायस्कुलात घालूया, म्हणता तिचो बापूस. नायतर शिरोड्याक आतयेकडे. आतयेक झील झालो आसा, तेका सांबाळूक कोण तरी होया."

म्हणजे माझ्या एका शेऱ्याने मुलीची पाचवी पाळण्याच्या दोरीला बांधली जाणार होती. माझं वर्गात लक्ष लागेना. हजेरी घेताना दोन नावं सुटली. खडू तुटला तर मुलांवर खेकसले. शेवटी मधल्या सुट्टीनंतर तिघांना वेगळं केलं. एकाला व्हरांड्यात, एकाला ऑफिसात आणि हर्षालीला माझ्या टेबलासमोर बसवलं. पेडवे म्हणजे छोट्या मासळीचं नवीन गणित दिलं, '१४४ पेडवे १२ जणांत समान वाटले, तर प्रत्येकाला किती?' उत्तर बारा.

तिघांनीही लिहिलं, नऊ.

आता बघून लिहिणं शक्यच नव्हतं. आणि योगायोगाने तिघांना नऊ सुचत नाहीत. भागाकाराची मांडणी वहीत केलेली असती तर काही कळलं असतं, पण तिघांनी तोंडीच केलं होतं. विचारावं म्हटलं, तोवर घंटा झाली आणि तिघंही पाटी-दप्तर घेऊन पळाली. माझ्यापासून पळाली, हे मला कळलं.

कुडाळच्या एसटीत खिडकीशी बसले, पण डोक्यात तेच चाललेलं. वाटेतलं ओरोस गेलेलंही समजलं नाही. कंडक्टरने दिलेल्या तिकिटाच्या मागे मी उलटं गणित मांडलं. प्रत्येकाला नऊ मिळायचे असतील, तर १४४ पेडवे किती जणांत वाटले? सोळा. मी लिहिले होते बारा. आदल्या दिवशीचं केलं. प्रत्येकाला पाच, तर १२० बांगडे चोवीस जणांत. मी लिहिले होते वीस. दोन्ही वेळा बरोबर चार माणसं जास्तीची. हे चौघे कोण, ते काही मला सुचेना. त्या रात्री जेवताना नवऱ्याने दोनदा आमटी मागितली, मी दोनदा भात वाढला.

शुक्रवारी पहिली गाडी पकडून मी शाळेत न जाता थेट हर्षालीच्या घरी गेले. ती अंगणात वेणी घालत होती. मला बघून उभी राहिली.

"हर्षाली, रागावत नाही. वीस जणांचं गणित तू कसं काढलंस, एवढंच सांग."

तिने बोटं पुढे केली. "वीस जण. मगे जाळ्याचे दोन वाटे. होडयेचो एक. आणि पार्वतीआजयेचो एक."

"पार्वतीआजी कोण?"

"तिचो घोव रापणीत होतो. तो मेलो. पण तिचो वाटो जाता."

"मी समान वाटायला सांगितलं होतं ना?"

"समानच वाटलंय, बाई. सगळे वाटे सारकेच."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुमी ह्यां खंय इचारलास? कोणाचा बघलंस, ताच इचारलास."

मला लाज वाटली. मी तिची माफी मागितली. ती गोंधळून आईकडे बघायला लागली. बाईंनी माफी मागितल्यावर काय म्हणायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

शाळेत पोचले, तेव्हा गुरुजी फॉर्मांची पिशवी सायकलला अडकवत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"पण उत्तर चूकच ना?" ते म्हणाले.

"उत्तर बरोबर आहे, गुरुजी. गणित माझं चुकलं."

त्यांनी खिशातून पेन काढलं, पिशवीतल्या वर्तमानपत्राच्या कडेला १४४ भागिले १६ केलं आणि खाली नऊ लिहिले. एरवी ऑफिसात शुद्ध बोलणारे गुरुजी म्हणाले, "माझो आजो रापणीत होतो, बाई. माका तरी कळाक होया होता." आणि त्यांनी सायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून सही केली.

पुढचे महिने मी तिला एकच गोष्ट घोकून घेतली. परीक्षेत जेवढी माणसं लिहिलेली असतील, तेवढीच धरायची. सराव पेपरात मी मुद्दाम मासळीचं गणित घातलं. तिचं उत्तर बरोबर आलं. पण कडेला 'अधिक ४' लिहून खोडलं होतं.

"हे काय?"

"परीक्षेपुरता आजयेक वगळलंय," ती म्हणाली.

शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही, थोडक्यात हुकली. पण बापाने शब्द पाळला. जूनमध्ये ती मालवणच्या एसटीत बसली. आतेच्या बाळाला सांभाळायला दुसरं कोणी तरी मिळालं असावं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, उत्तर चुकलं की मी मुलांना 'कोणाचं बघून' असं विचारलं नाही, 'कसं काढलंस' विचारलं. आणि वाटणीच्या गणितात एक शब्द न चुकता घातला, फक्त. फक्त वीस जणांत समान वाटले. गणित त्याने पक्कं होतं. पण फळ्यावर तो शब्द लिहिताना दरवेळी आपण पार्वतीआजीचा वाटा काढून घेतोय, असं मला वाटायचं.