प्लांटवर कुणाला ऐकू येतं?

इथे आखातात, आमच्या अबू हलीफातल्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका राहतात, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनिअर. एका जागी बसतील तर शपथ! लिफ्टची वाट बघतानासुद्धा येरझाऱ्या! आणि 'थांब', 'मागे हो', 'बंद कर' सगळं हातानेच सांगणार, कारण मशीनच्या आवाजात प्लांटवर असंच बोलतात.

माझी धाकटी बहीण सई जन्मापासून बहिरी आहे. दहावी झालीय, तिला सायन्सच हवंय, पण बाबांचं 'कॉमर्स सोपं पडेल' चालू होतं. परवा काका चहाला आले नि ते ऐकून उसळलेच.

"अहो, प्लांटवर कुणाला ऐकू येतं? कान झाकून आम्ही सगळे बहिरेच! घेऊ द्या की सायन्स!"

बाबा म्हणाले, "शिकेल हो ती. पण पुढे नोकरी कोण देणार? तुमची कंपनी देईल?"

काका गॅलरीपर्यंत गेले, परत आले. "माहीत नाही. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी साहेबाला विचारतो. नाही म्हणाला, तर का नाही तेही विचारतो."

सई माझी बाही ओढत होती, काय म्हणाले, काय म्हणाले? मी खुणांनी सगळं सांगितलं, 'माहीत नाही'सकट. ती उठली, काकांसमोर उभी राहिली आणि हातानेच म्हणाली, "मलाही न्या. मीच विचारते."