पूजेच्या जवाची बिअर

बंगळूरच्या पबमध्ये बसून आम्ही दोघं एकाच गोष्टीवर भांडायचो. एकाच कारखान्याची पिंपातली बिअर दोन पबांत दोन चवींची का लागते? नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. मी पीण्या या औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या कारखान्यात होतो आणि माझा मित्र, नागपूरहून आलेला, एका कॉम्प्युटर कंपनीत. त्याचं म्हणणं, सगळे मनाचे खेळ, गाणी चांगली लागली की बिअरही चांगली लागते. माझं म्हणणं, नळ्या धुतलेल्या नसतात. पंपवाल्याला दुसरं काय सुचणार, असं म्हणून तो मला उडवून लावायचा. एकदा मी एका पबची बिअर थर्मासमध्ये भरून दुसऱ्या पबात नेली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखता याव्यात म्हणून. तिथल्या वेटरनं आम्हाला थर्माससकट बाहेर काढलं.

मग घरीच करून बघायचं ठरलं. करून पाहिल्याशिवाय चव कुठून येते ते कळणार नाही, एवढाच आमचा विचार होता. पहिल्यांदा किराणा दुकानातून बार्ली आणली, आजाऱ्याला पाणी करून देतात ती. भिजवली, पंचात बांधली आणि वाट बघत बसलो. मोड आले नाहीत, वास मात्र आला. बायकोनं पुरचुंडी सोडून एक दाणा नखानं दाबला आणि सांगितलं की हा पॉलिश केलेला आहे, याला जन्मात मोड येणार नाहीत. ती पुण्याची, घरात मोड आणायचं खातं तिचंच. मटकीच्या बाबतीत ती माझं काही ऐकून घेत नसे, इथेही मी मुकाट बाजूला झालो.

सालासकट जव शेवटी जयनगरच्या बाजारात, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळाले. एवढे जव कसल्या होमाला, हे दुकानदाराला ऐकायचं होतं. मित्रानं गृहप्रवेश आहे म्हणून ठोकून दिलं, तेव्हा त्यानं उदबत्तीचा एक पुडा वरून फुकट दिला. त्या जवांना सुरेख मोड आले. ते गच्चीवर वाळवले, कढईत भाजले आणि गिरणीतून भरड काढून आणले. मग गरम पाण्यात भिजवून गाळायचे, ते पाणी काहीतरी कडू घालून उकळायचं आणि गार झालं की बेकरीतून आणलेलं यीस्ट सोडायचं. कडवटपणासाठी साहेबलोक हॉप्सची वाळकी फुलं वापरतात, ती आम्हाला कुठली मिळायला? म्हणून पहिल्या खेपेला काष्ठौषधीच्या दुकानातलं किराईत घातलं. दुसऱ्या खेपेच्या वेळी मित्राचा भाऊ परदेशातून आला आणि येताना मूठभर हॉप्स घेऊन आला. अशी आमच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत स्टीलची दोन पिंपं शेजारी शेजारी आंबत होती.

आणि त्यातच अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि ते निपाणीला एकटेच राहत होते. किती विनवण्या केल्या तेव्हा थोडे दिवस येतो म्हणाले, आणि कळवलेल्या दिवसाच्या आधीच पिशवी घेऊन दारात उभे राहिले. बायकोनं त्यांच्यासाठी कपाटातला एक कप्पा मोकळा करून ठेवला होता. त्यांनी तो नुसता पाहिला आणि पिशवीच बरी म्हणाले. पिशवी कॉटखाली गेली. रोज धुतलेले कपडे पुन्हा तिच्यात जायचे, आणि ते बघून मला रोज वाईट वाटायचं. त्यांनी आता आमच्याकडेच कायमचं राहावं, यापलीकडे मला काही नको होतं.

पण अण्णांची सगळी नोकरी अबकारी खात्यात गेलेली. हातभट्ट्यांवर धाडी घालायच्या, दारूसाठी आंबवलेल्या गुळाच्या रसायनाची पिंपं फोडायची, हेच त्यांचं काम. पिंपावर वाकून एक श्वास घेतला की रसायन किती दिवसांचं आहे ते सांगायचे. स्वतः थेंब कधी चाखला नाही. सख्ख्या चुलतभावाच्या शेतातली भट्टी त्यांनी पंचांसमोर फोडली होती; त्या घरची लग्नाची आमंत्रणं आम्हाला कायमची बंद झाली, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. असल्या माणसापासून मी दोन पिंपं लपवायला निघालो होतो.

आल्या दिवशी चपला काढता काढताच ते थांबले. "काय आंबालंय रे घरात?"

बायकोनं पटकन सांगितलं, डोशाचं पीठ. झालं, त्या दिवसापासून तिला रोज डोसे करणं भाग पडलं. अण्णांनी एक शब्द न बोलता आठवडाभर सकाळी डोसे खाल्ले. मी मात्र जिन्यावरून जाताना उगीचच खोकत होतो. तोवर बाटल्या भरून झाल्या होत्या, आणि त्या ओतून टाकायला ना माझा हात धजत होता ना मित्राचा. कुठलं कडू जिंकतं हे बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नव्हतं.

रविवारी सकाळी अण्णा देवळात गेले तसा मित्र थर्मासमध्ये पबची बिअर घेऊन आला. स्वयंपाकघरात तीन ग्लास मांडले: एक पबचा, एक किराईताचा, एक हॉप्सचा. पहिले घोट घेऊन आमची वादावादी रंगात आली होती आणि बायकोही एकेक घोट घेऊन आपलं मत देत होती. अण्णा कधी आत आले ते कुणालाच कळलं नाही.

"डोशाचं पीठ गाळून ग्लासात घेतात होय?" ते म्हणाले.

मित्र उभा राहिला. माझ्या डोळ्यांसमोर कॉटखालची पिशवी आली. अण्णांनी स्टूल ओढलं, बसले, आणि नोकरीत असतो तर तिघांनाही उचललं असतं, असं शांतपणे सांगितलं. मग सवयीनंच असेल, पहिल्या ग्लासावर वाकले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. किराईताच्या ग्लासावर बोट ठेवून म्हणाले की ही स्वच्छ आहे, तिन्हींत हीच चांगली.

मित्र न राहवून म्हणाला, "काका, तीच सगळ्यात भिकार आहे."

अण्णांना ते पटेना. त्यांनी पुन्हा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. किराईत घशाला असं चिकटलं होतं की पाणी पिऊनही जात नव्हतं. अण्णांनी तो ग्लास पुढ्यात ओढला. आता उठतील आणि पिशवी काढतील, अशी मला धास्ती वाटली.

"तुझी आई विचारायची," ते म्हणाले. "धाडीवरनं आलो की हमखास. लोक घरदार विकतात त्याच्यापायी, ते लागतं तरी कसं म्हणून. मी म्हणायचो, मला काय ठाऊक, मी वास घेतो. मग हसायची. एवढी नोकरी केली आणि एवढंही सांगता येईना म्हणून."

आईनं त्यांना असं काही विचारलं असेल हे मला ठाऊकच नव्हतं. मी चव सांगायला गेलो तर कडू, आंबट, तुरट यापुढे माझी गाडी जाईना. बायकोनं सांगितलं: गूळ न घालता सातूचं पीठ कालवावं तसं आधी लागतं आणि मग मेथीचे दाणे चावल्यासारखं. अण्णांनी ते नीट ऐकून घेतलं आणि चमचा मागितला.

चहाचाच चमचा होता. त्यांनी तो किराईताच्या ग्लासात बुडवला, औषध घेतात तसा घेतला आणि डोळे मिटून गिळला.

"हे तिनं थुंकून टाकलं असतं," ते म्हणाले.

चमचा धुवायला दिला, मग हॉप्सची चव घेतली. या वेळी जरा वेळ लागला.

"ह्याचा मात्र तिनं आणखी एक चमचा मागितला असता."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. मित्रानं थर्मासमधली पुढे केली तर अण्णांनी नको म्हटलं. ती सरकारमान्य, तिच्यात काय बघायचं? पुढचं पिंप कधी लावणार, ते त्यांनी विचारलं, आणि तयार व्हायला किती दिवस लागतात तेही. महिना तरी लागेल, असं मी सांगितलं. त्यांनी मनाशी काही हिशोब केला आणि सुनेकडे वळले.

"कपाटातला तो कप्पा मोकळा आहे काय गं अजून?"

मोकळा नव्हता. त्यात आम्ही पूजेचे उरलेले जव लपवले होते. बायको उठून गेली आणि जवांची ती पिशवी आणून तिनं अण्णांच्याच मांडीवर ठेवली.